क्यूब पास, स्लॅब नापास

हवाई द्वीपसमूहातल्या काउआई नावाच्या छोट्या बेटावर 1999 साली एका शिवमंदिराचा पाया घातला गेला. मंदिराचं नाव इरैवन. आराखडा गणपती स्थपतींचा. कन्याकुमारीला समुद्रातल्या खडकावर तिरुवळ्ळुवरांचा 133 फुटी पुतळा उभारणारे ते हेच. पांढऱ्या ग्रॅनाइटचे चिरे बंगळुरूच्या परिसरात छिन्नी-हातोड्यानं घडवायचे आणि जहाजानं पॅसिफिकपार न्यायचे, असा बेत होता. मंदिर बांधणाऱ्या मठाचे गुरू शिवाय सुब्रमुनियस्वामी यांची इच्छा होती की हे मंदिर हजार वर्षं टिकावं. ग्रॅनाइटबद्दल कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती ग्रॅनाइटखालच्या काँक्रीटची.

ते काम गेलं प्रा. पी. कुमार मेहता यांच्याकडे. मेहता मूळचे भारतीय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत त्यांनी आयुष्यभर काँक्रीट शिकवलं, आणि त्यांचं पाठ्यपुस्तक आपल्याकडच्या स्थापत्य महाविद्यालयांतही वापरलं जातं. त्यांनी पायातून लोखंडच काढून टाकलं. लोखंड आज ना उद्या गंजणार, आणि त्या गंजाला हजार वर्षांची मुदत फार झाली. पण काँक्रीटला भेग पडली तर ती फाकू न देण्याचं काम सळयाच करतात. सळया नाहीत म्हणजे भेग पडूनच चालणार नाही, आणि ही सगळी जबाबदारी एकट्या मिश्रणावर आली.

ते मिश्रण पाहून आपल्याकडचा एखादा मुकादम हसला असता. एका घनमीटरला सिमेंट फक्त 106 किलो. जोडीला 142 किलो फ्लाय अॅश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातली उडती राख. आपल्या साध्या घराच्या स्लॅबलाही घनमीटरमागे 300 ते 400 किलो सिमेंट सहज पडतं. काउआईच्या पायाकडून ताकदीची अपेक्षा माफकच होती: 20 मेगापास्कल, तेही 28 नव्हे तर 90 दिवसांनी. सुमारे 36 मीटर लांब, 17 मीटर रुंद आणि प्रत्येकी दोन फूट जाड असे दोन थर ओतले गेले. नंतरच्या तपासणीत भेग सापडली नाही. 2023 साली त्या पायावरच्या मंदिराची प्राणप्रतिष्ठा झाली.

कमी सिमेंटचं काँक्रीट भेगेपासून वाचतं, हे आपल्या बांधकामाच्या जगात कुणाला सांगून पाहावं. इथे सिमेंट म्हणजे ताकद, आणि ताकद म्हणजे टिकाऊपणा, असं समीकरण ठरून गेलं आहे. साइटवर पंधरा सेंटिमीटरचे क्यूब भरायचे, 28 दिवस पाण्यात ठेवायचे, यंत्रात दाबून फोडायचे. आकडा आला की काँक्रीट पास. तो क्यूब ना कधी उन्हात तापलेला असतो, ना सुकलेला, ना दोन्ही टोकांना कॉलममध्ये अडकलेला. स्लॅबचं हे सगळं होतं. भेगेची गोष्ट तिथूनच सुरू होते.

काँक्रीट आकसतं. ओतल्यावर पहिल्या काही तासांत पृष्ठभागावरचं पाणी उडतं. ते उडण्याचा वेग दर चौरस मीटरला तासाला साधारण एक किलोच्या पुढे गेला, की माल अजून मऊ असतानाच त्यावर रेघा उमटू लागतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत, वारा सुटलेला असताना दुपारी स्लॅब टाकला तर संध्याकाळपर्यंत त्या दिसतात. पुढचे काही महिने आतलं पाणी हळूहळू सुकत जातं आणि आकुंचन चालूच राहतं. आकसायला मोकळीक असती तर काही बिघडलं नसतं. पण स्लॅबला तुळया धरून ठेवतात, रस्त्याला खालचा थर धरतो, नव्या भिंतीला जुना पाया धरतो. ओढाताण होते, आणि ताण सोसण्यात काँक्रीट कच्चं. दाब सोसण्याच्या त्याच्या ताकदीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका ताण ते सोसू शकतं.

तिसरं कारण उष्णता. सिमेंट आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून उष्णता बाहेर पडते. जाड पायात किंवा पुलाच्या खांबात ती आत कोंडून राहते, बाहेरचा भाग मात्र निवतो. आतल्या-बाहेरच्या तापमानात साधारण 20 अंशांहून जास्त फरक पडू देऊ नये, असा अभियंत्यांचा अंगवळणी पडलेला दंडक आहे. अमेरिकेत 1930च्या दशकात हूवर धरण बांधताना या उष्णतेचा हिशेब मांडला गेला. कृत्रिम उपाय न करता एवढा मोठा ठोकळा निवायला सव्वाशे वर्षं लागतील, असं उत्तर आलं. म्हणून काँक्रीटमध्ये एक इंची नळ्या घालून त्यांतून थंड पाणी खेळवलं. नळ्यांची एकूण लांबी 582 मैल भरली.

या तिन्ही संकटांत पाणी आणि सिमेंट यांचा हात आहे. खडी आणि वाळू आकसत नाहीत. आकसते ती त्यांच्यामधली सिमेंटची लापशी. ती जितकी जास्त आणि जितकी पातळ, तितकी भेग जवळ.

पाण्याचा नियम शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. शिकागोत डफ अब्रॅम्स यांनी हजारो नमुने फोडून 1918 साली दाखवून दिलं, की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. सिमेंटशी रासायनिक जोडणीला त्याच्या वजनाच्या सुमारे 23 टक्के पाणी पुरतं. सूक्ष्म छिद्रांत धरून राहणारं पाणी धरलं तर चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्यावरचं प्रत्येक लिटर केवळ माल सहज सरकावा म्हणून घातलेलं असतं. नंतर ते उडून जातं आणि मागे सोडतं छिद्रांचं जाळं. गुणोत्तर 0.45 ठेवायचं तर 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी. पण साइटवरची वाळू ओली असते. गोणीमागे शंभर किलो वाळू आणि तिच्यात पाच टक्के ओल असेल, तर पाच लिटर पाणी न मोजताच आत गेलं आणि गुणोत्तर 0.55 झालं. त्यात कुणी “माल घट्ट आलाय, जरा सोड पाणी” म्हणालं, की प्रयोगशाळेतून आलेला मिक्स डिझाइनचा कागद कागदच उरतो.

पाणी न वाढवता माल वाहता ठेवण्याची सोय 1960च्या दशकात जपान आणि जर्मनीत शोधलेल्या सुपरप्लास्टिसायझर रसायनांनी केली. आज आरएमसीच्या, म्हणजे कारखान्यातून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या, जवळजवळ प्रत्येक गाडीत ती असतात. तरीही ट्रान्झिट मिक्सरच्या तोंडाशी पाण्याचा पाइप दिसतोच, ही गोष्ट वेगळी.

सिमेंटची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. गेल्या शतकात सिमेंट बदलत गेलं. ते जास्त बारीक दळलं जाऊ लागलं, आणि त्यात चटकन ताकद देणाऱ्या घटकाचं प्रमाण वाढवण्यात आलं. त्याचा परिणाम विस्कॉन्सिन विद्यापीठात नोंदवला गेला आहे. तिथे 1910 साली जाड दळलेल्या सिमेंटचे काँक्रीट-नमुने उघड्यावर ठेवले होते. त्यांची ताकद पन्नास वर्षं वाढतच राहिली. 1937 साली अधिक बारीक सिमेंटचे नमुने केले गेले. ते दहा ते पंचवीस वर्षांत शिखराला पोचले आणि मग थोडे उतरू लागले. कोलोरॅडोतल्या ग्रीन माउंटन धरणावर 1943 साली वेगवेगळ्या 27 सिमेंटांच्या 104 चाचणी-फरश्या बसवल्या होत्या. अर्ध्या शतकानंतर रिचर्ड बरोज यांनी त्यांचा अभ्यास केला. बारीक दळलेल्या आणि अल्कली जास्त असलेल्या सिमेंटांना भेगांचा त्रास अधिक, हे त्यांनी सोदाहरण मांडलं.

अमेरिकी महामार्गांनी मात्र उलटी वाट धरली होती. 1974 साली पुलांच्या काँक्रीटचे नियम कडक झाले: पाणी कमी, सिमेंट जास्त, ताकद जास्त. हेतू चांगलाच होता. पण 1996 साली एक राष्ट्रीय अहवाल आला आणि त्यात दिसलं, की एक लाखाहून अधिक पुलांच्या डेकना तरुण वयातच आडव्या भेगा पडल्या होत्या, एक ते तीन मीटर अंतराअंतरानं. ताकद वाढली तसा काँक्रीटचा ताठपणाही वाढला. सैल काँक्रीट ओढाताणीत थोडं सरकून घेतं. ताठ काँक्रीट सरकत नाही, तडकतं.

भारतात याच काळात 53 ग्रेड सिमेंट आलं. त्याचं मानक 1987 सालचं. 33 पासून 43, 43 पासून 53 अशी चढण सुरू झाली आणि गोणीवरचा मोठा आकडा म्हणजे चांगला माल, असा समज घराघरांत पोचला. सेंट्रिंग लवकर काढता येतं, मजला लवकर चढतो, बिल लवकर निघतं. यात ठेकेदाराचा फायदा उघड आहे. घरमालकाचा कोणता, हे मात्र कुणी विचारत नाही. त्या घाईची किंमत पुढे गळक्या स्लॅबच्या रूपानं तोच मोजतो.

भारतीय मानक आयएस 456 बिचारं फार वर्षांपासून दोन्ही बाजूंनी बोलतं आहे, पण त्याचं एकच वाक्य ऐकलं जातं. 2000 सालच्या आवृत्तीत किनाऱ्यासारख्या तीव्र परिस्थितीसाठी किमान 320 किलो सिमेंट, जास्तीत जास्त 0.45 गुणोत्तर आणि एम 30 काँक्रीट सांगितलं आहे. हे ‘किमान’ सगळ्यांना पाठ असतं. त्याच मानकात 450 किलोंच्या वर सिमेंट घालू नये, घालायचं तर आकुंचनाचा आणि उष्णतेचा वेगळा विचार करावा, असंही लिहिलं आहे. ते फारसं कुणाला आठवत नाही.

भेग पडली तर एवढं काय बिघडतं? केसाएवढी तर असते. गोव्यात आणि ठाण्याच्या खाडीवर याचं उत्तर पाहायला मिळालं. पणजीजवळचा मांडवीवरचा पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, तेव्हा तो जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. आतल्या ताण दिलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. 1973 साली खुल्या झालेल्या ठाणे खाडीपुलाच्या तारांनाही तोच रोग लागला आणि 1997 साली शेजारी नवा पूल उभा राहिला. दोष एकट्या मिश्रणाचा नव्हता. तारांभोवतीचं भरण, सांधे, देखभाल, सगळंच त्यात आलं. पण खारं पाणी लोखंडापर्यंत पोचतं ते छिद्रांतून आणि भेगांतूनच. चांगल्या काँक्रीटमधल्या अल्कधर्मी वातावरणात लोखंड सुरक्षित असतं. क्लोराइड शिरलं किंवा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ती अल्कता मारली, की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. छताचे पोपडे सुटून सळया दिसू लागतात, तो या प्रकरणाचा शेवटचा अंक.

इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा हा मारा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकतो. म्हणजे सळईवरचं कव्हर, अर्थात तिला झाकणारा काँक्रीटचा थर, निम्मं झालं, तर गंजापर्यंतचा काळ निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवणाऱ्या साइटवर हे कुणी सांगत नाही.

मग उपाय काय? सिमेंटचा काही भाग काढून तिथे राख किंवा पोलाद-कारखान्यातली स्लॅग घालायची. सिमेंटच्या अभिक्रियेत चुना मोकळा होतो. तो ताकदीला उपयोगाचा नसतो, उलट पाण्यात विरघळून छिद्रं वाढवतो. राखेतली सिलिका त्या चुन्याशी संथपणे जुळते आणि छिद्रं बुजवत जाते. उष्णता कमी निघते. राखेचे कण गोल असल्यामुळे पाणीही कमी लागतं. रोमन लोक पोत्सुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून हेच करत होते, आणि त्यांच्या पँथिऑनचा 43 मीटर व्यासाचा बिनसळयांचा घुमट जवळजवळ एकोणीसशे वर्षं उभा आहे. समुद्राच्या पाण्यासाठी स्लॅग विशेष उपयोगी, कारण ती क्लोराइडची वाट फार अरुंद करते.

या राखेची महाराष्ट्राला वाण नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे ही नावं औष्णिक वीजकेंद्रांमुळे ओळखीची आहेतच. आणि उदाहरणही घरचंच आहे. अकोले तालुक्याच्या आणि शहापूरच्या सीमेवरचा घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प 250 मेगावॅटचा. तिथली धरणं ही भारतातली रोलरनं दाबून बांधलेल्या काँक्रीटची पहिली धरणं. त्यांच्या मिश्रणात सिमेंटपेक्षा फ्लाय अॅशचं वजन जास्त होतं. पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यांनी हे सह्याद्रीच्या कड्यावर करून दाखवलं, तरीही शहरातल्या बांधकामावर “आम्ही राखेचं सिमेंट वापरत नाही” हे आजही अभिमानानं सांगितलं जातं.

राखेचा एक दोष खरा आहे. ती घाई सोसत नाही. सुरुवातीची ताकद हळू येते आणि पाणी मारण्यात कंजूषी केली, तर राखेची अभिक्रिया अर्धवट राहून पृष्ठभाग भुसभुशीत होतो. म्हणून साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राख किंवा स्लॅग असेल तर किमान दहा दिवस काँक्रीट ओलं ठेवायला मानक सांगतं. कोरड्या उष्ण हवेत त्याहून जास्त. ओलं ठेवणं म्हणजे सकाळी एकदा पाइप फिरवणं नव्हे. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवणं आणि कॉलमला गोणपाट गुंडाळून ते सतत भिजवत राहणं. कॉलमच्या बाबतीत ही शिस्त जवळजवळ कुठेच दिसत नाही, आणि इमारत तर कॉलमवरच उभी असते.

घर बांधणाऱ्या किंवा विकत घेणाऱ्या वाचकानं अभियंत्याला “सिमेंट कुठलं?” एवढंच विचारून थांबू नये. मिक्स डिझाइनचा अहवाल मागावा. त्यात पाणी-सिमेंट गुणोत्तर किती, एकूण सिमेंट किती, राख किंवा स्लॅग किती, हे पाहावं. सळयांखाली कव्हर ब्लॉक किती मिलिमीटरचे आहेत, ते स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन मोजावेत. आणि दहा दिवस पाणी मारायला माणूस कोण नेमला आहे, त्याची मजुरी कुणाच्या खात्यातून जाणार आहे, हे करारात आधीच लिहून घ्यावं.