आंब्याच्या झाडावरची विजेरी

शिकारकथा वाचण्याचे एक वय असते म्हणतात. माझे ते अजून सरलेले नाही. परवा दुपारची वामकुक्षी सोडून जिम कॉर्बेटचे रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यावरचे पुस्तक पुन्हा काढले आणि या खेपेस बिबट्यापेक्षा दिव्यांतच जास्त गुंतलो. रात्रीच्या शिकारीला दिवा कोणता न्यावा, या एका प्रश्नाने त्या धाडसी माणसाला किती छळले होते!

अलकनंदा-मंदाकिनीच्या संगमावरचे रुद्रप्रयाग म्हणजे केदार-बद्रीच्या यात्रेकरूंची वाट. सरकारी हिशेबाप्रमाणे १९१८ ते १९२६ या काळात त्या एका बिबट्याने १२५ माणसे मारली. दिवेलागणीनंतर दाराची कडी काढायची कोणाची छाती नव्हती. जनावर रात्री फिरणारे, म्हणजे मारणाऱ्यालाही रात्रीच बसणे आले. पण रात्र बिबट्याची. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, त्यामुळे चांदण्यांचा उजेडही त्याला पुरतो. आपल्या डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि शेजारी कोणी काडी ओढली की ती सवय क्षणात मोडते.

सरकारने कॉर्बेटसाठी विजेवर चालणारा खास शिकारी दिवा पाठवला. तो इतका जड निघाला की दिवाही धरायचा आणि बंदूकही चालवायची, हे एकट्याचे काम नव्हते. तो धरायला कोणीतरी सोबत हवे. आता मचाणावर दोन माणसे म्हटली की खोकला दोघांचा आणि मुंग्या आलेले पायही दोघांचे!

गॅसबत्तीची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्या पिढीने लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारी माणसे पाहिली आहेत. तिची ती पांढरी जाळी धक्का लागला की राखेसारखी झडते, हेही ठाऊक आहे. गढवालचे डेप्युटी कमिशनर इबॉटसन एका रात्री तशीच बत्ती घेऊन कॉर्बेटबरोबर डोंगरवाट चालत होते. नरभक्षक जवळपास कुठेतरी होता. बत्ती खडकावर आपटली, जाळी झडली आणि निळी ज्योत थेट तेलाच्या टाकीवर फुरफुरू लागली. तीन मिनिटांत ती फुटेल, असा इबॉटसन यांचा अंदाज! हातात ठेवावी तर स्फोट, टाकावी तर काळोख. दोघांनी कसेबसे एक घर गाठले.

शेवटी कामी आली ती साधी विजेरी. मे १९२६ ची सुरुवात. गोलाबराईच्या पडावाजवळ, आंब्याच्या झाडावर कॉर्बेट कितव्यांदा तरी रात्र काढत होता. खाली घंटा बांधलेली बकरी. विजेरी बंदुकीलाच बसवलेली, म्हणजे नेम धरला की उजेड आपोआप तिकडेच. निवड अगदी चोख होती. घंटा वाजली. कॉर्बेटने कळ दाबली. विजेरीने एकदाच मिणमिणता उजेड दिला आणि ती विझली. तेवढ्यात माशी डोळ्याला दिसली आणि गोळी सुटली.

कित्येक महिने ती विजेरी त्याने बरोबर बाळगली होती. पण तिच्यातल्या सेलात किती जीव उरला आहे, हे एकदाही पाहिले नव्हते. सेल न वापरताही आतल्या आत झिजतो. मी कादंबरीत हे लिहिले असते, तर संपादकांनी ‘योगायोग जरा जास्त झाला’ असा शेरा मारून बाड परत केले असते.

मला मात्र हसू आले नाही, कारण मीही त्याच माळेतला. बँकेत असताना आमच्या शाखेच्या तिजोरीच्या खोलीत एक विजेरी असे. दर तिमाहीला नोंदवहीत ‘तपासली, चालू स्थितीत’ असे लिहून मी झोकदार सही करीत असे. एकदा रोकड मोजताना वीज गेली. विजेरी उघडली तर आत सेल फुटून पांढरा चिकट थर साचलेला. दार लावून, रोखपाल आणि मी वीज येईपर्यंत नोटांच्या थप्प्यांवर हात ठेवून बसलो होतो. नोंदवहीतल्या माझ्या सह्या मात्र सुवाच्य होत्या.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे ते दिवस गेले. बिबटे आहेत. २०२४ साली उत्तर प्रदेशात बहराइचला माणसांवर हल्ले करणारे लांडगे शोधायला वनखात्याने उष्णता टिपणारे ड्रोन उडवले. अंगाच्या उबेवरून काळोखातले जनावर दाखवणारा तो कॅमेरा. त्याला उजेड लागतच नाही. कॉर्बेटला तो मिळता तर?

शिरूरकडे माझा भाचा ऊस लावतो. पंपाची वीज रात्री येते, म्हणून पाणी द्यायला रात्रीच बांधावर जावे लागते, आणि बिबट्या त्याच उसात. मागच्या दिवाळीत मी गेलो तेव्हा त्याने नवी चार्जिंगची विजेरी हौसेने दाखवली.

“मामा, पार पलीकडच्या शेतापर्यंत जाते बघा.”

“ती राहू दे. शेवटची चार्ज केव्हा केलीस?”

तो थोडा विचारात पडला. मग त्याची बायको आतून म्हणाली, “रोज दुपारी मी लावते. आणि सांजच्याला कळ दाबून बघितल्याबिगर त्यांना उंबऱ्याभाईर सोडत नाही.”