अंथरूण पाहून पंख पसरावे

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे एक लग्न होतं. भर दुपारचा मुहूर्त, डोक्यावर रणरणतं ऊन आणि त्या उन्हात मांडवावर घोंघावणारा ड्रोन. वीसेक मिनिटं झाली की तो खाली उतरायचा. मग ड्रोनवाले दादा त्याच्या पोटातली तापलेली बॅटरी खसकन काढायचे, दुसरी सरकवायचे आणि पुन्हा घुर्रर्र! असं तीनदा झालं. पंगतीत माझी दहा वर्षांची भाची मला म्हणाली, "मावशी, वर एवढं ऊन फुकट जातंय. दादा ड्रोनच्या पाठीवर सोलर पॅनेल का नाही लावत?"

माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली. प्रश्न अगदी बरोबर होता! चला, हिशेबच मांडू या.

आधी जमा. भर दुपारी एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर सुमारे 1000 वॉट ऊन पडतं. चांगला सौर घट, म्हणजे सोलर सेल, त्यातल्या पाचव्या हिश्शाची किंवा थोडी जास्त वीज करतो. म्हणजे 200 वॉटच्या आसपास. पण ड्रोनची पाठ केवढी? वहीच्या पानाएवढी! तेवढ्या जागेत मिळणार सात-आठ वॉट. घरातला एलईडी बल्ब 9 वॉटचा असतो. म्हणजे धड एक बल्बसुद्धा नाही.

आता खर्च. साधारण 900 ग्रॅमचा ड्रोन हवेत एका जागी थांबायला सव्वाशे-दीडशे वॉट खातो. जमा एक बल्ब, खर्च पंधरा बल्ब!

"मग मोठं पॅनेल लावायचं!" भाची म्हणाली. लावू की. पण पॅनेलला वजन असतं. ते उचलायला आणखी वीज, त्या विजेसाठी आणखी पॅनेल, त्याचं आणखी वजन... चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

ड्रोन इतका खादाड का? विहिरीत एका जागी उभ्यानं पाय मारत राहून बघा. दोन मिनिटांत धाप लागते. ड्रोनचं तसंच आहे. पंख्यांनी हवा सतत खाली ढकलायची, तेव्हा कुठे तो वर टिकतो. आता घार आठवा. पंख पसरलेले, फडफड नाही, मजेत घिरट्या चालल्यात. पंखावर हवा वाहत राहिली की ती वजन तोलते. म्हणून लांब पंखांच्या हलक्या विमानाला ड्रोनपेक्षा कितीतरी कमी वीज पुरते. शिवाय लांब पंख म्हणजे सोलर सेल मांडायला ऐसपैस जागा! खर्च कमी आणि अंथरूण मोठं.

ही युक्ती पहिल्यांदा जमली ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात. तारीख होती 4 नोव्हेंबर 1974. रॉबर्ट बाउचर यांनी बनवलेलं 'सनराइज' नावाचं विमान नुसत्या उन्हावर उडालं. आत माणूस नव्हता, रिमोटवर चालणारं होतं ते. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ 10 मीटर आणि त्यांवर तब्बल 4096 सोलर सेल. सुमारे 100 मीटर उंचीवर ते 20 मिनिटं फिरलं. पुढे हेच विमान एका वाळूच्या वादळात सापडून मोडलं. ऊन पुरेसं होतं, वाऱ्याची दादागिरी सोसवली नाही.

हे सोलर सेल दिसतात कसे? विमानांवर बऱ्याचदा असतो तो एक चौकोन. काळाकुट्ट, कोपरे छाटलेला, साडेबारा सेंटीमीटरचा. जाडी एक मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी, पोह्याच्या पापडापेक्षा पातळ, आणि चुकून दाबलात तर पापडासारखाच कडकन मोडणारा! अशा एका सेलमधून अर्ध्या व्होल्टच्या आसपासच दाब मिळतो. म्हणून एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडाला, अशी आगगाडीच जोडावी लागते. गंमत म्हणजे या आगगाडीतल्या एका डब्यावर सावली पडली, तर सगळी गाडीच रेंगाळते.

"पण मावशी, रात्री काय करायचं?" आला का दुसरा प्रश्न!

रात्रीसाठी दिवसा शिल्लक टाकायची. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या मंडळींनी 'अटलांटिकसोलर' नावाचं विमान बनवलं. पंख 5.65 मीटर, वजन 6.9 किलो, म्हणजे गच्च भरलेल्या दप्तराएवढं. ते धावपट्टीवरून उडत नाही. एक माणूस ते हातात धरतो आणि भाल्यासारखं पुढे फेकतो! त्याच्यावर 88 सेल आहेत. भर दुपारी एकेकाचे सुमारे 3 वॉट धरले, तर झाले 264. सरळ उडायला मात्र त्याला 50 वॉटही लागत नाहीत. उरलेली वीज जाते बॅटरीच्या गल्ल्यात आणि रात्री तो गल्ला फोडायचा. जुलै 2015 मध्ये हे विमान 81 तासांहून जास्त वेळ खाली न उतरता उडत राहिलं. तीन दिवस, तीन रात्री आणि वर आणखी नऊ तास!

शिल्लक टाकायची आणखी एक जागा आहे, उंची. 'झेफिर' नावाचं 25 मीटर पंखांचं आणि फक्त 75 किलोचं विमान दिवसा उन्हाच्या जोरावर ढगांच्याही वर चढतं आणि रात्री सावकाश खाली घसरत वीज वाचवतं, जशी सायकल उतारावर पॅडल न मारता पळते. 2022 मध्ये ते सलग 64 दिवस हवेत होतं. तुमची अख्खी उन्हाळ्याची सुट्टी संपली असती, तरी ते वरच!

मग एका जागी थांबणारा ड्रोन उन्हावर उडूच शकत नाही का? सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठानं 2018 मध्ये उडवून दाखवला. वजन 2.6 किलो, सेल 148, आणि आकार? जवळजवळ 4 चौरस मीटर, म्हणजे डबल बेडच्या गादीहूनही मोठा! लग्नात तो आला असता, तर मांडवावर चांगलीच सावली पडली असती. उलट 2024 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी फक्त 4.21 ग्रॅमचं, वेगळ्याच प्रकारच्या मोटरवर चालणारं इवलंसं यंत्र उन्हावर उडवलं. प्रिंटरमधला ए4 आकाराचा कोरा कागदही याहून जड भरतो.

परवा रविवारी आजीनं गच्चीवर गाद्या उन्हात टाकल्या. भाची टेप घेऊन धावली. "एक मीटर ऐंशी गुणिले दोन मीटर... मावशी, या गादीवर आत्ता 3600 वॉट ऊन पडलंय!" मग तिनं गादीचं एक टोक उचलून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "पण उडायची नाही ही. आत कापूस फार आहे."

आजी म्हणाली, "नको उडू दे. तू आधी तिच्यावरची तुझी सावली काढ."