डिसेंबरचा वारा कुणी मोजला?

चंद्रपूर म्हटलं की सगळ्यांना मे महिना आठवतो. पारा ४७ अंशांच्या पुढे सरकला की जिल्ह्याचं नाव देशभर गाजतं. पण वर्धा नदीच्या या खोऱ्यात कोळशाची नवी उघडी खाण प्रस्तावित होते, तेव्हा आजूबाजूच्या गावांनी मेपेक्षा डिसेंबरची चौकशी आधी करावी.

मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढत राहते. धूळ-धूर ज्या थरात मिसळतो, त्याची उंची तेव्हा दोन किलोमीटरच्याही वर जाते. धूळ डोळ्यांत जाते खरी, पण विरतेही लवकर. हिवाळ्यात निरभ्र आकाशाखाली जमीन झपाट्याने निवते. तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, वरची मात्र उबदार राहते. पहाटे हे झाकण कधी कधी शे-दोनशे मीटरवरच बसलेलं असतं. रात्रपाळीतल्या टिप्परांनी उडवलेली धूळ, आपोआप पेटून धुमसणाऱ्या कोळशाचा धूर, गावातल्या चुलींचा धूर, सगळं त्याखाली कोंडून राहतं. ऊन चढेपर्यंत ते हटत नाही, आणि पोरं शाळेला निघतात ती त्याच वेळी. वेचणीला आलेल्या कापसावर काजळी बसते तीही याच दिवसांत.

२००६च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या चौकटीत खाणीच्या अहवालासाठी पावसाळा सोडून एकाच हंगामाची मोजणी सहसा पुरेशी धरली जाते. जागेवर दहा मीटर उंचीच्या खांबावर यंत्र बसवून दर तासाला वाऱ्याचा वेग आणि दिशा टिपतात. तापमान आणि आर्द्रताही नोंदवतात. मार्च ते मे निवडला, तर मोजणी अगदी काटेकोर असूनही हिवाळ्यातली कोंडी तिच्यात दिसणारच नाही. माझ्या मते ही या पद्धतीतली सगळ्यात मोठी फट आहे.

अहवालात ‘विंड रोज’ नावाची पाकळ्यांची आकृती असते. ती नीट वाचायला हवी. पाकळी दाखवते वारा कुठून येतो ते. ईशान्येकडची पाकळी लांब असेल, तर धूळ जाणार नैर्ऋत्येच्या गावांकडे. त्याहून महत्त्वाचा आकडा बहुधा मधल्या वर्तुळात असतो: वारा जवळपास पडलेला असण्याची टक्केवारी. ती मोठी असेल तर धूळ कुठेच जात नाही, खाणीच्या कुशीतल्या वस्तीवरच उतरते.

पावसाचंही असंच. जिल्ह्यात वर्षाला सरासरी बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पण खाणीचा खड्डा सरासरीने भरत नाही, एका रात्रीच्या मुसळधारेने भरतो. पंप किती लागतील, नाला वळवायचा तर किती रुंद, मातीच्या ढिगाऱ्यांवरून वाहणारा गाळ कुठे अडवायचा, हे चोवीस तासांतल्या कमाल पावसावरून ठरतं. काळ्या मातीच्या शेतात तो गाळ एकदा शिरला की निघता निघत नाही.

२००९मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत घातलं होतं. इथली हवा कोऱ्या पाटीवरून सुरू होत नाही. वीज केंद्राची, सिमेंट कारखान्यांची, जुन्या खाणींची भर आधीच तिच्यात आहे. म्हणून एकट्या नव्या खाणीची धूळ मोजून भागत नाही. जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो हाती आला की पहिल्यांदा मोजणीचे महिने बघावेत, आणि त्यात डिसेंबर-जानेवारी नसेल तर ती हरकत सुनावणीत लेखी नोंदवून घ्यावी.