देल पिएरोचा शेवटचा मुक्काम

नाशिकहून पुण्याचं बालेवाडी साधारण दोनशे किलोमीटर. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा तिथल्या पुणे सिटी संघाचे प्रशिक्षक इटलीचे फ्रँको कोलोंबा होते आणि मुख्य आकर्षण होता फ्रेंच आघाडीपटू डेव्हिड त्रेझेगे. त्याचा युव्हेंटसमधला जुना जोडीदार अलेस्सांद्रो देल पिएरो त्याच मोसमात दिल्ली डायनामोजकडून उतरला. दोन्ही संघांचा पहिलाच सामना दिल्लीत एकमेकांशी झाला आणि गोलशून्य सुटला.

१९७४ मध्ये जन्मलेल्या देल पिएरोची सुरुवात पादोव्हा क्लबमधून झाली. १९९३ ते २०१२ अशी एकोणीस वर्षं तो युव्हेंटसकडे राहिला: ७०५ सामने, २९० गोल, दोन्ही क्लबचे विक्रम. २००६ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी त्याने इटलीचा दुसरा गोल केला. बर्लिनच्या अंतिम सामन्यात पेनल्टी शूटआउटमध्ये त्रेझेगेचा फटका आडव्या खांबावर आदळला; देल पिएरोचा जाळ्यात गेला.

त्याच वर्षी सामना-निश्चिती प्रकरणात युव्हेंटसची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. जगज्जेता खेळाडू सहज दुसरीकडे गेला असता. तो थांबला, वीस गोल करून त्या श्रेणीत अव्वल ठरला, आणि पुढच्याच मोसमात सेरी आ या पहिल्या श्रेणीत २१ गोलांसह पुन्हा अव्वल! आकड्यांहून ही निष्ठा मोठी.

सिडनीतल्या दोन मोसमांनंतर तो दिल्लीत आला. इथे दहा सामने, एक गोल. पुणे सिटी संघ २०१९ मध्ये बंद झाला.