गाडी तापली, दोष कुणाचा?

घरात तरुण मुलगा असावा, त्याच्या हातात दोनशे सीसीची मोटारसायकल असावी आणि एके दिवशी त्याने येऊन सांगावे, "अब्बा, गाडी तापतेय." यावर बापाच्या तोंडून पहिले वाक्य काय निघते, ते वाचकांना सांगायला नको. आमच्याही तोंडून तेच निघाले. "पळवतोस म्हणून तापते. हळू चालव."

मुलगा काही बोलला नाही. थोरल्या लेकीने मात्र तोंड उघडले, "अब्बा, मी मागे बसलेली असते. तो पळवत नाही." आम्ही तिलाही गप्प केले. भावाची बाजू घेणारच, असे मनात धरून चाललो. पुढे जे झाले ते लिहून काढावे असे वाटले, कारण ही चूक एकट्या आमच्याच घरात होत असेल असे नाही.

आम्ही चिपळूणचे. मुलगा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जातो आणि लेक घाटापलीकडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिची रात्रीची ड्यूटी असली की दोघे मगरिबनंतर एकाच गाडीवर निघतात. मध्ये परशुराम घाट. त्या उन्हाळ्यात घाटात महामार्ग रुंदीकरणाचे काम चालू होते. पुढे ट्रक, मागे ट्रक, पहिल्या गिअरमध्ये दहा पावले चालायचे आणि पुन्हा थांबायचे. एका रात्री त्या रांगेतच मीटरवरचा लाल दिवा लागला, टाकीखालून वाफ आली आणि गाडी बंद पडली. भाऊ-बहीण सव्वा तास अंधारात, कड्याच्या बाजूला, ट्रकच्या धुरात उभे. तिकडे लेकीची वाट पाहत एक नर्स ड्यूटी संपूनही थांबलेली. लेक पोहोचली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मुलाला उशिराबद्दल ताकीद मिळाली. अजून तो कायम झालेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने फ्यूज काढून दाखवला, जळलेला. नवा बसवला, दोन दिवसांत तोही गेला. मग त्याने १० अँपिअरच्या जागी २० अँपिअरचा फ्यूज बसवला आणि म्हणाला, आता जाणार नाही. फ्यूज खरेच गेला नाही. गाडी मात्र तापतच राहिली आणि तिसऱ्या दिवशी टाकीजवळून जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला. तेव्हा त्याने कागदावर लिहून दिले: रेडिएटर, थर्मोस्टॅट, हेड गॅसकेट, मजुरी, एकूण साडेनऊ हजार. घरात तेवढे पैसे होते, पण ते धाकटीच्या कॉलेजच्या फीचे होते.

आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गाडी त्यांच्याकडे ढकलत नेली. त्यांनी पाना उचलण्याआधी मुलाला विचारले, "मोकळ्या रस्त्यावर, साठच्या वेगाने जाताना तापते?"

"नाही चाचा. तेव्हा काटा अर्ध्याच्या खालीच असतो."

"आणि सिग्नलला, रांगेत?"

"पाच-सात मिनिटांत लालवर."

चाचा आमच्याकडे वळले. "भाई, पोरगा पळवत असता तर गाडी तापली नसती."

हे वाक्य आमच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला, म्हणून ते इथे उलगडून सांगतो.

स्प्लेंडरसारख्या साध्या गाडीचे इंजिन वाऱ्याने थंड होते. इंजिनावर ज्या धातूच्या पात्या दिसतात त्या त्यासाठीच. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचे इंजिन झाकलेले असते, म्हणून तिथे इंजिनाच्या दांड्यावरच पंखा बसवलेला असतो. इंजिन फिरते तोवर तोही फिरतो. जास्त ताकदीच्या मोटारसायकलींत मात्र इंजिनाभोवती कूलंट खेळवतात. भारतात यामाहाची आर-१५ ही २००८ साली आली, २०१२ साली पल्सर २०० एनएस आणि ड्यूक २०० आल्या, आणि अशा गाड्या गल्लोगल्ली दिसू लागल्या. कूलंट इंजिनातली उष्णता घेऊन पुढच्या चाकामागच्या रेडिएटरमध्ये येते, तिथे वाऱ्याने निवते आणि परत जाते. गाडी धावत असताना वारा फुकट मिळतो. गाडी थांबली की वारा थांबतो, उष्णता थांबत नाही. त्या वेळेसाठी रेडिएटरच्या मागे विजेवर चालणारा एक छोटा पंखा असतो. कूलंट साधारण शंभर अंशांच्या आसपास गेले की तो आपोआप सुरू होतो आणि थोडे निवले की बंद होतो.

म्हणजे रेडिएटर आतून तुंबला असता, थर्मोस्टॅट अडकला असता किंवा हेड गॅसकेट गेली असती, तर गाडी महामार्गावरही तापली असती. ती फक्त थांबल्यावर तापत होती. बोट सरळ पंख्याकडे जात होते. साडेनऊ हजारांच्या त्या यादीत पंखा नव्हताच.

तरीही चाचांनी घाई केली नाही. गाडी पूर्ण गार झाल्यावर त्यांनी रेडिएटरचे झाकण उघडले आणि कूलंटची पातळी पाहिली. थोडी कमी होती, इतकेच. मग इंजिन ऑइलचे झाकण काढून आत दुधाळ साय आहे का ते पाहिले. नव्हती, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळत नव्हते. हे झाकण गरम गाडीचे कधीही उघडू नये. आत दाब असल्यामुळे पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल होताच दाब सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर येते. चाचांच्या मनगटावर तसा जुना डाग आहे. तो त्यांनी मुलाला मुद्दाम दाखवला.

मग चावी बंद असताना पंख्याचे पाते बोटाने फिरवून पाहिले. चांगला पंखा बोटाच्या टिचकीने सहज फिरतो. आमचा जड होता आणि आत वाळू असावी तशी करकर करत होता. यानंतर पंख्याचा कनेक्टर गाडीच्या वायरिंगपासून सोडवला आणि दोन वायरींनी, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज घालून, पंखा थेट बॅटरीला जोडला. सगळ्या तपासणीत हीच पायरी सर्वांत मोलाची. थेट बॅटरीवर पंखा जोरात फिरला तर पंखा निर्दोष. दोष फ्यूज, रिले, तापमानाचा सेन्सर किंवा मधल्या वायरीत शोधायचा. थेट बॅटरीवरही फिरला नाही तर मोटर गेली. आमचा पंखा एकदा थरथरला, गुणगुणला आणि थांबला. फ्यूज उडाला.

"हे बघा," चाचा म्हणाले, "अडकलेली मोटर फिरणाऱ्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट खाते. म्हणून तुमचा फ्यूज जात होता. तो बिचारा सांगत होता की पुढे काहीतरी अडकलंय. त्याचं तोंड बंद केलं, मग वायर जळायला लागली."

कनेक्टर खरोखरच तपकिरी पडून वितळला होता. तो जळका वास त्याचा होता. टाकी पेट्रोलची आणि तिच्याखाली तापलेली वायर, त्या गाडीवर आमची दोन मुले. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

मोटर गेली हे ठरल्यावरही बाकीचे तपासणे गरजेचे होते. नाहीतर नवा पंखा बसवायचा आणि तो सुरूच व्हायचा नाही, असे होते. चाचांनी इंजिन चालू करून तापू दिले आणि पंख्याच्या कनेक्टरला बारा व्होल्टचा बल्ब जोडला. काटा वर चढला, रिलेचा 'टिक' आवाज आला आणि बल्ब पेटला. म्हणजे सेन्सर आणि रिले दोन्ही ठीक. लगेच इंजिन बंद केले. मीटर असताना बल्ब कशाला, असे मुलाने विचारले. चाचा म्हणाले, गंजलेल्या वायरीतूनही मीटर बारा व्होल्ट दाखवतो, पण तिच्यातून करंट धड जात नाही. बल्ब खोटे बोलत नाही. बल्ब पेटला नसता तर पुढे रिले पाहावा लागला असता. बऱ्याच गाड्यांत तसाच दुसरा रिले असतो. दोघांची अदलाबदल केली की उत्तर मिळते. सेन्सरचा कनेक्टर काढला की काही गाड्यांत पंखा आपोआप सुरू होतो, तीही एक खूण.

एवढ्यात चाचांच्या हाताखालच्या मुलाने जुनी मोटर उघडली होती. आतून बारीक, तांबूस, वाळलेला गाळ पडला. चाचांनी तो चिमटीत धरला आणि आम्ही दोघेही काही क्षण बोललो नाही. चिपळूणमध्ये तो गाळ कुणाला ओळखायला सांगावा लागत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा ही गाडी आमच्या दारात हँडलच्या वरपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही ऑइल बदलले, एअर फिल्टर बदलला, ब्रेक साफ केले, टाकी धुतली. गाडी सुरू झाली तेव्हा घरात अल्लाहचे आभार मानले. पंख्याचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. तो गाळ मोटरीत बसून राहिला, आत गंज चढत गेला आणि पावसाळा, हिवाळा उलटून उन्हाळ्यात तो पंखा घाटात अडकला. महापुरात बुडालेली गाडी घरात असेल आणि तिला रेडिएटर असेल, तर एकदा पाते बोटाने फिरवून पाहा.

नवा पंखा चौकट आणि मोटरीसह सतराशे रुपयांना मिळाला. बसवणे अवघड नव्हते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही गरम पंखा अचानक सुरू होतो आणि बोटे पात्यात जातात. बाजूचे प्लास्टिक सोडवले, रेडिएटरचे बोल्ट ढिले करून तो पुढे झुकवला. आमच्या गाडीत कूलंट न काढता पंखा निघाला. काहींत काढावे लागते. रेडिएटरच्या पातळ जाळीला पान्याचा धक्का लागू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठा धरला होता. वितळलेला कनेक्टर कापून नवा लावला, त्यात ग्रीस भरले. फ्यूज पुन्हा १० अँपिअरचा.

शेवटी चाचांनी एक गंमत केली. पंखा थेट बॅटरीवर चालवून रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचा तुकडा धरला. तो जाळीला चिकटला. म्हणजे पंखा हवा इंजिनाकडे ओढतो आहे. वायरी उलट लागल्या असत्या तर पंखा फिरलाच असता, पण हवा पुढे ढकलली असती आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याशी भांडत बसला असता. "फिरतो म्हणजे बरोबर आहे, असं नसतं," ते म्हणाले.

कूलंट भरताना आतली हवा निघावी म्हणून गार गाडी झाकण उघडे ठेवून सुरू केली, बुडबुडे थांबल्यावर झाकण लावले. कूलंटबद्दल घरातल्या आयांना मुद्दाम सांगतो: ते चवीला गोडसर आणि विषारी असते. सांडलेले पुसून घ्या आणि उरलेला डबा लहान मुले व मांजरांच्या वाटेवर ठेवू नका. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा रेडिएटरवर मारू नका. जाळी वाकते आणि पाणी पंख्याच्या मोटरीत जाते. रस्त्यात गाडी तापलीच तर इंजिन बंद करून सावलीत थांबा. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो.

मजुरी धरून खर्च दोन हजार तीनशे आला. धाकटीची फी भरली गेली.

संध्याकाळी चाचांच्या दुकानापुढे गाडी स्टँडवर उभी करून इंजिन चालू ठेवले. काटा चढत गेला. मुलगा खाली वाकून पाहत होता, आम्ही त्याच्याशेजारी. अचानक घुर्र करून पंखा सुरू झाला, दोनेक मिनिटांनी काटा खाली आला आणि पंखा बंद झाला. मुलगा उठला. आम्ही त्याला म्हणालो, "चूक आमची होती बेटा. तू पळवत नव्हतास."

तो हसला आणि म्हणाला, "अब्बा, आपाला पण सांगा."

घरी येऊन तिलाही सांगितले. ती डबा भरत होती. मगरिब होऊन गेली होती, दोघांची निघायची वेळ झाली होती.