डोंगरपट्ट्यांतील पीक आणि वैरण

बालाघाटाची रांग बीडकडून लातूर जिल्ह्यांत शिरते आणि पुढें नांदेडच्या कंधार-मुखेड भागांत उतरत जाते. किनवट-माहूरचा पैनगंगेकांठचा डोंगराळ वनप्रदेश आणखी निराळा. गोदावरी-मांजरेच्या कांठची काळी कसदार जमीन ज्यांच्या वांट्यास आली, त्यांची गोष्ट वेगळी. माळावरच्या शेतकऱ्याच्या वांट्यास वीतभर माती आणि तिच्याखालीं मुरूम एवढेंच येतें. पाऊस पडतो, परंतु उतारावरून वाहून जातो, आणि जातांना मातीहि घेऊन जातो. अशा जमिनींतून माणसास धान्य आणि जनावरास वैरण हीं दोन्हीं कशीं निघावीं, हा या भागांतील शेतीचा खरा प्रश्न आहे.

याचें जुनें उत्तर ज्वारी हें होतें. कणसांतून भाकरी आणि ताटांतून कडबा, अशी दुहेरी सोय या एका पिकानें होत असे. याच कडब्यावर आणि माळाच्या गवतावर या मुलुखांत दोन नामांकित गोवंश पोसले गेले: गडद तांबड्या रंगाची लाल कंधारी आणि पांढऱ्या अंगाची, बहुधा काळे डाग मिरविणारी देवणी. लाल कंधारीचा बैल हलक्या चाऱ्यावर व कडक उन्हांत काम करतो. देवणीचा बैल ओढीस चांगला आणि गाय दुधासहि बरी. दोन्हीं वंशांचीं नांवें गांवांवरून पडलीं आहेत, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

पुढें सोयाबीन आलें आणि लातूर ही त्याची मोठी बाजारपेठ झाली. सुमारें शंभर दिवसांत निघणारें, जमिनीस नत्र देणारें, रबींत हरभऱ्यास रान मोकळें करणारें आणि रोख पैसा देणारें पीक शेतकऱ्यानें पत्करलें, यांत त्याची चूक नाहीं. परंतु काढणीपूर्वींच सोयाबीनचीं पानें गळून पडतात. मळणीनंतर उरतें तें काड्यांचें भूस, आणि तें जनावर आवडीनें खात नाहीं. तिजोरींत भर पडली, ती गोठ्यांतून वजा होऊन.

या वजाबाकीचा हिशेब सोपा आहे. सुमारें चारशें किलो वजनाच्या बैलास दररोज निदान ८ किलो कोरडी वैरण लागते. म्हणजे एका जोडीस वर्षाकांठीं जवळजवळ ६० क्विंटल. कोरडवाहू ज्वारीचा कडबा एकरीं १५ क्विंटल धरला, तर एका जोडीसाठीं चार एकर ज्वारी हवी. ज्याची सारी जमीनच चार-पांच एकर, त्यानें काय करावें? पाऊस हुकला म्हणजे हा प्रश्न अधिकच कठीण होतो. २०१६ च्या एप्रिलमध्यें मिरजेहून आगगाडीनें लातूरास पिण्याचें पाणी आणावें लागलें. जेथें माणसांच्या पाण्याची ही स्थिति, तेथें वैरणीची काय कथा!

मराठवाड्यासाठीं १९७२ सालीं परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचें नांव आहे. तेथील संशोधनाचा रोख एकाच पिकाचा पाठपुरावा करण्याकडे नसून पिकांची सांगड घालण्याकडे आहे. ज्वारीचे ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी शक्ति’ हे वाण येथलेच. यांपैकीं २०१८ सालीं पुढें आलेल्या ‘परभणी शक्ति’च्या दाण्यांत लोह व जस्त यांचें प्रमाण अधिक असतें. बदनापूरच्या केंद्रांतील ‘बीडीएन ७११’ ही तूर लवकर, सुमारें पांच महिन्यांत, तयार होते. त्यामुळें हलक्या रानांतील ओल संपण्यापूर्वीं तिच्या शेंगा भरतात.

सांगड घालण्याची रीत अशी. सोयाबीनच्या चार ओळींमागें तुरीच्या दोन ओळी पेराव्या. एक पीक फसलें तरी दुसरें हातीं लागतें. वैरणीची निकड असेल तेथें सोयाबीनऐवजीं ज्वारी घेऊन तीच सांगड ठेवावी. पेरणी उतारास आडवी करावी, म्हणजे प्रत्येक तास लहानसा बांध होऊन पाणी अडवितो. रुंद वरंबे व त्यांमध्यें सऱ्या काढल्यास पावसाच्या ओढींत ओल टिकते आणि अतिवृष्टींत जादा पाणी निघून जातें.

जेथें नांगर चालविणें म्हणजे माती घालविणें, तेथें पीक घेण्याचा हट्ट नसावा. अशा उतारावर मारवेलसारखें गवत आणि त्यांत स्टायलो हें द्विदल लावावें. गवताचीं मुळें माती धरून ठेवतात, व स्टायलो हवेंतील नत्र जमिनींत आणतें. पहिल्या वर्षीं मात्र तेथें गुरें सोडूं नयेत. गवत कापून गोठ्यांत न्यावें.

वैरण वाढविण्याइतकेंच ती राखणेंहि महत्त्वाचें. अखंड पेंढी पुढें टाकली म्हणजे जनावर पाला खातें आणि ताट तुडवितें. साठ क्विंटलांपैकीं चौथा हिस्सा असा वायां गेला, तर १५ क्विंटल, म्हणजे एका एकराचा सारा कडबा, पायांखालीं गेला. कुट्टी करण्याचें साधें यंत्र हा एकर परत मिळवून देतें. शंभर किलो भुसास ४ किलो युरिया सुमारें ५० लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा आणि तें तीन आठवडे हवाबंद झांकावें. मग तें अधिक मऊ व पचण्यास सोपें होतें. उघडल्यावर कांहीं वेळ वारा लागूं देऊन तें थोडथोडें सुरू करावें, परंतु लहान वासरांस घालूं नये. हिरवी ज्वारी घालतांनाहि एक सावधगिरी हवी: फुलोऱ्यापूर्वींचीं, विशेषतः पाण्यावांचून खुरटलेलीं ताटें विषारी असतात.

वैरण संपली कीं बैल बाजारांत जातो, व तो एकदां गेला कीं सहसा परत येत नाहीं. शेणखत थांबतें, हलकी जमीन आणखी हलकी होते, आणि पिढ्यान् पिढ्या जपलेला वंश एकेका दावणींतून उणा होत जातो. चार ओळी ज्वारीच्या, दोन तुरीच्या आणि बांधावर गवत, एवढी जागा शेतांत राखली, तर धान्याच्या कणगीबरोबर दावणहि भरलेली राहील.