आघात-तरंग आणि जुनाट वेदना

'शॉक' हा शब्द आपल्या घरांतून दोनच अर्थांनीं वावरतो. एक विजेच्या तारेचा, आणि दुसरा मनोरुग्णालयांत देतात तो. त्यामुळें डॉक्टरांनीं टाचदुखीवर 'शॉकवेव्ह' घेण्यास सुचवितांच माणूस दचकतो. आमच्या जऊळक्याच्या एका वृद्ध बाईंनीं तर, "पाय दुखतो तो पुरवला, पण वीज लावून घ्यायची नाहीं," असें मुलास निक्षून सांगितलें. त्यांची भीति अनाठायीं होती, हें खरें. परंतु ज्यांस भीति वाटत नाहीं अशा सुशिक्षितांची समजूतहि पुष्कळदां तितकीच चुकीची असते, आणि ती अधिक महाग पडते.

या उपचारांत शरीरांतून वीज जात नाहीं. शॉक म्हणजे येथें आघात. दिवाळींत मोठा फटाका जवळ उडाला म्हणजे खिडकीचीं तावदानें थरथरतात. तो हवेंतून आलेला दाबाचा धक्का होय. तसाच, पण निमिषाहूनहि अल्प काळांत चढणारा व लागलीच ओसरणारा धक्का यंत्रांत उत्पन्न करून त्वचेवाटे आंत धाडावयाचा, एवढेंच हें तंत्र. पाणी आणि मांस यांतून तो सहज जातो. मध्यें हवा राहिली तर मात्र तेथेंच अडतो. म्हणून यंत्राचें तोंड टेकण्यापूर्वीं कातडीवर बुळबुळीत लेप लावतात.

याचा उगम मोठा नवलाचा आहे. अतिवेगानें जाणाऱ्या विमानावर पावसाचा थेंब आदळला तर काय होतें, याचा अभ्यास जर्मनींतील डॉर्निए ही विमानें बांधणारी कंपनी करीत होती. त्या खटपटींतून पुढें १९८० च्या फेब्रुवारींत म्यूनिक येथें डॉ. ख्रिश्चन शौसी व त्यांचे सहकारी यांनीं रोग्याच्या मूत्रपिंडांतील खडा शस्त्र न लावतां फोडला. नंतर १९९१ सालीं बल्गेरियांतील दोन वैद्यांनीं न सांधणाऱ्या हाडांवर हेच तरंग योजल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि हाडें व स्नायुबंध यांच्या दुखण्यांकडे या विद्येचा मोर्चा वळला.

घोटाळा होतो तो येथेंच. मुतखडा फुटतो, तर टाचेचें 'वाढलेलें हाड'हि फुटून जाईल, असें रोगी धरून चालतो. क्ष-किरणांच्या चित्रांत टाचेखालीं कांटा दिसला, कीं त्यासच तो शत्रु मानतो. वस्तुतः असा कांटा कांहीं न दुखणाऱ्या अनेक माणसांच्या टाचेंतहि आढळतो. सकाळचें पहिलें पाऊल टेकतांच जी कळ उठते ती बहुधा तळव्याच्या जाड पट्ट्याची असते. त्या पट्ट्याची झीज जुनी झाली म्हणजे शरीर ती भरून काढण्याचें जणूं विसरतें. तरंगांचे आघात त्या जागीं सौम्य इजा करून रक्तपुरवठा व भरणी पुन्हा चालू करितात, असें मानलें जातें. कांटा असतो तेथेंच राहतो, आणि तरीहि रोगी बरा होऊं शकतो.

मग हा उपचार कोणास लागू पडतो? जुनाट टाचदुखींत कित्येकांस गुण येतो, सर्वांस नाहीं. कोपराचें दुखणें घ्या. सचिन तेंडुलकर यांस २००४ सालीं त्यानें गांठलें, २००५ च्या मे महिन्यांत लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली, आणि 'टेनिस एल्बो' हें नांव महाराष्ट्रांत घरोघरीं पोंचलें. एरव्हीं सुतारास व धुणें पिळणाऱ्या बाईस तें पिढ्यान् पिढ्या होतच आलें आहे. त्यावरील प्रयोगांची छाननी कॉक्रेन या संस्थेनें २००५ सालीं केली, तेव्हां लाभ अल्प किंवा नाहींच असें दिसलें. खांद्याविषयीं २०२० सालच्या छाननींतहि लक्षणीय लाभ फारसा आढळला नाहीं. कंबर, मान, गुडघा अशा सर्वांवर हाच रामबाण म्हणून कोणी पुढें करूं लागला, तर मात्र खिसा सांभाळावा.

यंत्रेंहि दोन जातींचीं असतात. एकांत तरंग खोल एका बिंदूवर एकवटतो. दुसऱ्यांत दाबलेल्या हवेनें लहान ठोकळा आपटून धक्का वरून पसरत जातो, व तो खऱ्या अर्थानें आघात-तरंग नव्हेच. दोहोंचा दर निरनिराळा असूं शकतो, म्हणून आपणांस कोणतें यंत्र लावणार हें विचारण्यांत संकोच नसावा.

बहुधा आठवड्यास एक अशा तीन ते पांच बैठका होतात, व एका बैठकींत सुमारें दोन हजार ठोके बसतात. ठोके लागतात, पण नेमकी दुखरी जागा रोग्याच्याच तोंडून कळत असल्यानें मुकाट्यानें सोसूं नये. रक्त पातळ करणारें औषध चालू असेल, स्त्री गर्भवती असेल, त्या जागीं गांठ किंवा पू असेल, छातींत हृदयाचें यंत्र बसविलेलें असेल, मधुमेहानें पाय बधिर झाला असेल, अथवा त्याच जागीं नुकतेंच स्टेरॉइडचें इंजेक्शन घेतलें असेल, तर तें आधींच सांगावें. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांच्या टोकांवर हे ठोके देत नाहींत.

जऊळक्याहून आगगाडीनें अकोल्यास जाणाऱ्या रोग्यास प्रत्येक बैठकीची फी, शिवाय भाडें व बुडालेली मजुरी मोजावी लागते. म्हणून आधीं पोटऱ्या व तळवा ताणण्याचा नित्य व्यायाम, मऊ टाचेची चप्पल आणि उभें राहण्याच्या कामांत थोडी सवलत, हे उपाय कांहीं महिने नेटानें करून पाहावेत. बहुतेकांची टाच वर्षभरांत एवढ्यानेंच शांत होते. तरंग घेतले तरी हा व्यायाम सुटत नाहीं.

बैठकीनंतर एक-दोन दिवस लाली, सूज, क्वचित् काळानिळा डाग दिसतो. टाच हलकी वाटली म्हणून दुसऱ्याच दिवशीं पोहरादेवीच्या यात्रेस पायीं निघूं नये. खरा गुण दिसावयास सहा ते बारा आठवडे लागतात. तीन महिन्यांनींहि फरक नसेल तर आणखी बैठकांचे पैसे भरण्यापूर्वीं निदान पुन्हा तपासून घ्यावें. कारण टाच दुखते ती कधीं हाडास गेलेल्या बारीक तड्यानें, कधीं दबलेल्या नसेनें, आणि कधीं संधिवातानेंहि.